फोटो उशिरा दिसतो, कारण पेज लवकर उघडायचं असतं! काय आहे हे ‘लेझी लोडिंग’?

रात्रीचे दहा वाजलेत. कांदा भरून पिकअप दारात उभी आहे. माल लासलगावला न्यायचा, विंचूरला न्यायचा की येवल्यालाच टाकायचा, एवढंच ठरवायचं बाकी. भाव बघायला मोबाईल काढावा तर दिवसाचा दीड जीबी संपलेला. पोरांनी संध्याकाळीच व्हिडिओत उडवलेला. पेज उघडलं, पण नुसतं गोल चक्कर फिरतंय. हा अनुभव नाही असं घर तालुक्यात सापडायचं नाही.

दिवसाचा डेटा संपला की नेट बंद होत नाही. बऱ्याच प्लॅनमध्ये ते 64 केबीपीएसवर येतं. म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी माल आत येतो. आता हिशेब करा. एका पेजवर 20 फोटो आहेत आणि प्रत्येक फोटो 200 केबीचा आहे, तर नुसत्या फोटोंचेच 4 एमबी झाले. या स्पीडने ते यायला आठ मिनिटांच्या वर लागतील. आणि ज्यासाठी पेज उघडलं तो भावाचा मजकूर किती? 20-30 केबी. तीन-चार सेकंदांचं काम.

मग एवढ्याशा मजकुरासाठी माणूस ताटकळतो का? कारण पेज म्हणजे एक अख्खी वस्तू नसते. मोबाईल आधी पेजचा सांगाडा मागवतो. त्यात मजकूर असतो आणि कुठला फोटो कुठे लावायचा याची यादी असते. मग त्या यादीप्रमाणे एकेक फोटो वेगळा मागवला जातो. शिवाय पेजची मांडणी ठरवणाऱ्या फाईली असतात, जाहिराती असतात. हे सगळे एकाच बारीक पाइपातून एकदम घुसायला बघतात.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. ठिबकचे सगळे वॉल एकदम उघडले तर प्रेशर पडतं आणि शेवटच्या ओळीला थेंबही पोचत नाही. म्हणून आपण काय करतो? एक वॉल उघडतो, तेवढं भिजलं की दुसरा. लेझी लोडिंग म्हणजे हेच. स्क्रीनवर जे दिसतंय तेवढेच फोटो आधी मागवायचे. खालच्या फोटोंचा वॉल बंद ठेवायचा. वाचणारा बोटाने पेज वर सरकवत खाली उतरू लागला की मग पुढचे सोडायचे. शब्दाचा अर्थ ‘आळशी लोडिंग’, पण आळशीपणा कसला, हा तर काटकसरीचा कारभार. जो फोटो कुणी बघितलाच नाही त्याचा डेटाही कापला जात नाही.

पूर्वी यासाठी वेबसाईटवाल्यांना वेगळी खटपट करावी लागायची. 2019 मध्ये क्रोम ब्राउझरने ही सोय स्वतःतच बसवली. 2020 मध्ये फायरफॉक्समध्ये आली आणि 2022 मध्ये आयफोनच्या सफारीत. अनेक न्यूज पोर्टल ज्या वर्डप्रेसवर चालतात, त्यात ऑगस्ट 2020 पासून ती आपोआप चालू असते.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. फोटो अगदी स्क्रीनवर आल्यावरच मागवला तर वाचणाऱ्याला कोरी चौकट बघत बसावं लागेल. म्हणून ब्राउझर थोडं आधीच काम सुरू करतो. क्रोमने 2020 मध्ये हे अंतर ठरवलं: चांगलं फोर-जी असेल तर फोटो 1250 पिक्सेल लांब असतानाच मागवायचा आणि नेट रडत असेल तर 2500 पिक्सेलवरूनच. नेट हळू, तर सुरुवात लवकर. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कमी पडायला लागलं की बारी आधी धरावी लागते, तसंच हे.

पण ही जादूची कांडी नाही. लेझी लोडिंगने फोटो हलका होत नाही, त्याची पाळी फक्त नंतर येते. मोबाईलने काढलेला फोटो तीन-चार हजार पिक्सेल रुंद आणि 3 ते 5 एमबीचा असतो. तो तसाच पेजवर चढवला तर 64 केबीपीएसवर एकट्यालाच सहा ते दहा मिनिटं हवीत. तोच हजारभर पिक्सेल रुंद करून चढवला तर मोबाईलच्या स्क्रीनवर फारसा फरक कळत नाही आणि वजन सहसा 100-200 केबीवर येतं. गावातली पोरं हल्ली ग्रामपंचायतीची, डेअरीची, शेतकरी कंपनीची वेबसाईट बनवतात. त्यांनी एवढं तरी करावं. पेजवरच्या पहिल्या, सगळ्यात वरच्या फोटोला मात्र लेझी लावू नये. तो लगेच दिसायलाच हवा. वर्डप्रेसनेही 2022 च्या सुरुवातीला ही चूक सुधारून पहिला फोटो त्यातून वगळला. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची आधीच लिहून द्यावी, म्हणजे तेवढी जागा राखलेली राहते. नाहीतर फोटो उशिरा येतो, मजकूर खाली ढकलतो, आणि बातमीवर ठेवलेलं बोट नेमकं जाहिरातीवर पडतं. यावरून किती जणांनी शिव्या घातल्या असतील, मोजदाद नाही.

भावाचा फलक फोटो काढून टाकण्याची जी सवय पडलीय, ती तर सोडलीच पाहिजे. आकडे टाइप केले तर ते मजकुराबरोबर पहिल्या काही सेकंदांत येतात. फोटोत टाकले की त्यांनाही रांगेत उभं राहावं लागतं. ज्याची पिकअप भरून उभी आहे त्याला फोटो नको, आकडा हवाय.

वाचणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. रेंज फक्त स्टँडवर किंवा पाण्याच्या टाकीजवळच येत असेल, तर पेज उघडून तसंच शेतात निघू नका. खालचे फोटो अजून आलेलेच नसतात, बांधावर जाऊन बघाल तर कोऱ्या चौकटी. रेंजमध्ये असतानाच पेज एकदा शेवटपर्यंत सावकाश सरकवा, फोटो दिसू द्या, हवं तर स्क्रीनशॉट काढा.

हाच वॉल व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या स्वतःच्या हातात असतो. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा. तिथे मोबाईल डेटावर काय आपोआप डाउनलोड व्हावं ते विचारलेलं असतं. फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, सगळ्यांसमोरची टिकमार्क काढून टाका. मग ग्रुपवर सकाळी येणारे चाळीस ‘सुप्रभात’ जो फोटो तुम्ही दाबाल तेवढाच डेटा खातील, आणि रात्री भाव बघायला थोडा शिल्लक राहील.