दिवसा उपचार, रात्री आपल्या घरी

ताप आला की आपण दवाखान्यात जातो. पायाला कोयता लागला की पट्टी बांधून घेतो. पण मन आजारी पडले तर? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. खाचरात पाय टाकावासा वाटत नाही. जवळ कोणी नसताना कोणीतरी बोलते आहे असे ऐकू येते. किंवा सकाळी घोटभर दारू पोटात गेल्याशिवाय हातातला चहाचा कप स्थिर राहत नाही. अशा वेळी आपण काय करतो? बहुधा झाकून ठेवतो. झाकलेली जखम चिघळते. मनाचेही तसेच आहे.

लोक म्हणतात, "उपचार करायचे म्हणजे गडी दोन-दोन महिने दवाखान्यात अडकणार. मग लावणी कोण करील? गुरांकडे कोण बघील?" या भीतीने कितीतरी जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. पण प्रत्येकाला दवाखान्यात राहावे लागत नाही. दिवसा उपचार घ्यायचे आणि रात्री आपल्या घरी यायचे, अशीही एक रीत आहे. तिची माहिती आज घेऊ.

विंचवाची आठवण

महाड भागात लाल विंचू कोणाला नवा नाही. पूर्वी विंचू चावला की माणसाला मांत्रिकाकडे नेत. मंत्र होई, अंगारा लागे, आणि वेळ निघून जाई. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळी ज्यांच्या अंगात हे विष भिनले अशा 100 रोग्यांपैकी सुमारे 40 दगावत. डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून विषाने हृदयाचे काय होते ते पाहिले. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरली. मग मरणाचे प्रमाण 100 मध्ये 1 च्या आसपास आले.

आज विंचू चावला तर आपण मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठतो. मग मनाच्या आजाराला एवढा उशीर का? देवापुढे नारळ ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. पण त्यापायी औषध लांबवू नका.

हा आजार कोणाला होतो?

कोणालाही होतो. गरिबाला होतो, सावकारालाही होतो. पुरुषाला होतो, बाळंतिणीलाही होतो. 22 जुलै 2021 ला तळिये गावावर डोंगर कोसळला. 80 हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात महाड पाण्यात बुडाले आणि पोलादपूरच्या वाड्यांवरही दरडी आल्या. असे दुःख ज्याने सोसले, त्याची छाती पाऊस वाढताच धडधडू लागली तर नवल नाही. कोणी मुंबईला एकटा राहतो, तिथे बाटलीची सोबत धरतो. कोणाच्या घराण्यातच हा आजार असतो. हे पाप नव्हे, भूतबाधा नव्हे आणि आळसही नव्हे.

आता दारूचे पाहू. "मनात आणलं तर उद्या सोडीन," असे पिणारा म्हणतो. मग का सुटत नाही? बैल भरलेली गाडी ओढून घाट चढतो, तेव्हा सगळा जोर लावतो. मध्येच ओझे एकदम काढले तर गाडी उधळते. दारू मेंदूला दाबून ठेवते. मेंदू त्या ओझ्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू एकदम थांबली की तो जोर उधळतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. कोणाला फिट येते, कोणी भ्रमिष्ट होतो. म्हणून रोज खूप पिणाऱ्याने डॉक्टरला विचारूनच दारू सोडावी. डॉक्टर काही दिवस गोळ्या देतात आणि त्या हळूहळू कमी करतात. ब-1 जीवनसत्त्वही देतात, कारण दारूने ते अंगातून कमी होते.

दिवस-उपचार म्हणजे काय?

उपचाराच्या तीन पायऱ्या आहेत. आजार हलका असेल तर पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा डॉक्टरला भेटले की भागते. आजार फार जोरात असेल तर दवाखान्यात भरती व्हावे लागते. या दोहोंच्या मधली पायरी म्हणजे दिवस-उपचार. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी केंद्रात जायचे, काही तास तिथे घालवायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. कुठे आठवड्यातून तीन दिवस तीन-तीन तास बोलावतात. कुठे पाच दिवस, रोज चार-पाच तास. असे काही आठवडे चालते. मग येणे हळूहळू कमी होते.

भरती होऊन बरा झालेला माणूसही या मधल्या पायरीवर येतो. एकदम घरी सोडण्यापेक्षा पायरी-पायरीने उतरलेले बरे.

ही रीत कशी निघाली?

1933 साली रशियातल्या मॉस्को शहरात खाटा कमी पडत होत्या. तेव्हा रोग्यांना दिवसा बोलावून रात्री घरी पाठवू लागले. 1946 साली कॅनडात माँट्रिअलला आणि इंग्लंडात लंडनला असे दिवसाचे दवाखाने निघाले. घर तुटत नाही, हा त्यातला मोठा लाभ ध्यानात आला.

आपल्या देशातही घराचे मोल डॉक्टरांनी ओळखले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात 1950 नंतरच्या काळात डॉ. विद्यासागर यांनी रोग्याच्या नातेवाइकांनाच तंबूत राहायला बोलावले. नातेवाईक शेजारी राहून आजार समजून घेत. मग रोग्याला सांभाळणे त्यांना जमू लागले. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्याला देणगी दिली. तिथे रोगी काही आठवडे आत राहतो, पण घरच्यांनाही बोलावून शिकवतात. सगळीकडे धडा एकच. औषध डॉक्टरचे, पण सांभाळ घराचा.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी घरचे एक माणूस बरोबर न्यावे. जुने कागद आणि चालू गोळ्या पिशवीत घ्याव्या. डॉक्टर काय विचारतात पाहा.

"दादा, रोज किती पिता? शेवटची कधी घेतली?"

"थोडीशीच घेतो, साहेब."

"थोडी म्हणजे किती? खरं सांगा, मी रागावणार नाही. मागं सोडली होती तेव्हा फिट आली होती का?"

"आली होती एकदा. गेल्या शिमग्याला."

हे उत्तर फार मोलाचे आहे. पूर्वी फिट आली असेल तर सुरुवातीचे काही दिवस भरती राहणेच बरे, हे डॉक्टरला कळते. खोटे सांगितले तर गोळीचा अंदाज चुकतो. डॉक्टर झोप, भूक, साखर, रक्तदाब विचारतील. रक्त तपासतील. "जीव द्यावासा वाटतो का?" असेही विचारतील. लाजू नये. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तसे येत नाही. उलट बोलल्याने भार हलका होतो.

दिवस कसा जातो?

आल्यावर हजेरी आणि तब्येतीची विचारपूस होते. गोळ्या घेतल्या की नाही ते पाहतात. मग सगळे गोल करून बसतात. एक जण आपले सांगतो, बाकीचे ऐकतात. "मलाच असं होतं," हा गैरसमज तिथे पहिल्याच दिवशी गळून पडतो. मग समुपदेशक एकेकाशी वेगळे बोलतात. राग आला तर काय करावे, मित्राने ग्लास पुढे केला तर कसे नाही म्हणावे, याचा सराव करून घेतात. काही वेळ हाताला काम असते. शिवण, बागकाम, स्वयंपाक, हिशोब. रिकामे हात मनाला छळतात, म्हणून ही सोय.

संध्याकाळी माणूस घरी येतो. दिवसा जे शिकला ते रात्री वापरून पाहतो. अडले तर दुसऱ्या दिवशी विचारतो. दिवस-उपचाराचे खरे बळ यातच आहे.

धीर मात्र हवा. उदासीच्या आजारावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. आणि बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. भात पोटरीत आला म्हणून पाणी तोडतो का आपण?

कोणी रात्री घरी राहू नये?

ज्याला दारू सोडताना फिट येते किंवा भ्रम होतो, ज्याला जीव द्यावासा वाटतो, जो अंगावर धावून जातो, जो अन्नपाणी घेत नाही, आणि ज्याच्या घरीच दारूचा धंदा किंवा रोजची मारहाण आहे, अशाने आधी भरती व्हावे. कोणी जीव देण्याचे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. कीटकनाशक, दोर, कोयता त्याच्या हाताला लागू देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरच्यांनी काय करावे?

टोमणे मारू नयेत. "काल केंद्रात काय झालं?" असे मायेने विचारावे. गोळ्यांची वेळ सांभाळावी. घरात दारू ठेवू नये.

आणखी एक. दारू सोडवण्याची पूड म्हणून काही जण भाजीत किंवा चहात चोरून औषध घालतात. हे कधीही करू नका. अशी काही औषधे पोटात असताना माणूस दारू प्याला तर छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, प्राणही जाऊ शकतो. औषध डॉक्टरने द्यावे आणि रोग्याने जाणून घ्यावे.

शिमगा, गणपती, लग्नसराई आणि चाकरमानी गावी येण्याचे दिवस जपावेत. पाय घसरतो तो अशाच वेळी. घसरला तर "गेलं सगळं पाण्यात" म्हणू नये. निसरड्या बांधावर पडलेला माणूस उठून पुन्हा चालतो. दुसऱ्याच दिवशी केंद्रात जावे.

जावे कुठे?

पूर्ण दिवसाचे केंद्र प्रत्येक तालुक्याला नसते. म्हणून सुरुवात जवळून करा. आशाताईला विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महाड-पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात जा. "मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात?" असे विचारून वार लिहून घ्या. जिल्ह्याचे मोठे सरकारी रुग्णालय अलिबागला आहे. सरकारची मनोरुग्णालये ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर इथे आहेत.

रोज जाणे शक्य नसेल तर डॉक्टरांशी बोलून आठवडा आखून घ्या. एक दिवस दवाखाना, एक दिवस फोनवर समुपदेशन, बाकीचे दिवस घरी ठरलेले काम. उठण्याची, जेवणाची, झोपेची वेळ एकच ठेवा.

फोनवरही मदत मिळते. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. रात्री-अपरात्रीही लावता येतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी 14446 हा क्रमांक आहे.

कायदा काय म्हणतो?

2017 साली मानसिक आरोग्याचा कायदा झाला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. रोग्याची माहिती गुप्त ठेवली पाहिजे. रोग्याला साखळीने बांधणे हा कायद्याने गुन्हा आहे, मग तो देवस्थानात असो की घरात.

लक्षात ठेवा

1. मनाचा आजार हा आजारच आहे. त्याला औषध आहे.
2. रोज खूप पिणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय दारू एकदम तोडू नये.
3. डॉक्टरला खरे सांगावे.
4. बरे वाटले तरी गोळी आपल्या मनाने थांबवू नये.
5. चोरून औषध देऊ नये.
6. जीव देण्याचे बोलणाऱ्याला एकटे सोडू नये.

सांगा पाहू

1. दिवस-उपचारात रोगी रात्री कुठे राहतो? त्याचा लाभ काय?
2. दारू एकदम सोडल्यावर हात का कापतात?
3. कोणाला आधी भरती करावे लागते?
4. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात? विचारून या आणि वहीत लिहा.