हिरडीतली न संपणारी लढाई

दात घासताना थुंकीत लाल रेघ दिसली, तर आपण चूळ भरतो आणि विसरतो. दुखत नाही ना, मग कशाला काळजी! पायोरियाची खोड नेमकी हीच. तो वर्षानुवर्षे न दुखता वाढतो.

१६८३ साली हॉलंडमधील डेल्फ्टच्या लेव्हेनहूक या कापड-व्यापाऱ्याने आपल्या दातांवरचा पांढरा थर स्वतः घडविलेल्या भिंगाखाली पाहिला. (तेही एकाच इवल्याशा भिंगाने! आम्हां भौतिकीवाल्यांना याचे आजही नवल वाटते.) त्यात असंख्य जीव वळवळत होते. त्याने व्हिनेगारने तोंड खळखळून धुतले, तेव्हा थराच्या बाहेरचे जीव तेवढे मेले, आतले तसेच राहिले. जंतू आपल्याभोवती चिकट पदार्थ पसरून राहतात, हे त्याचे कारण.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक चिंचोळी खाच असते. निरोगी हिरडीत ती फार तर ३ मिलिमीटर खोल. तेथे थर साचला, की रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. हिरडी लाल होते, सुजते. या पेशी जंतू गिळतात, प्रथिने विरघळविणारे रसही सोडतात. पण थर काही हटत नाही, म्हणून लढाई थांबत नाही. मग त्याच रसांनी दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटू लागतात. हाड पोखरणाऱ्या आपल्याच पेशी जाग्या होतात. खाच खोल होते, आत प्राणवायू कमी पडतो, आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जंतूंना तेच हवे असते. तुटलेली प्रथिने आणि रक्तातील लोह हे त्यांचे अन्न. म्हणजे सूज त्यांना मारण्याऐवजी पोसते!

मग पांढऱ्या पेशी नसत्या तर बरे, असे म्हणाल? मुळीच नाही. ज्यांच्या या पेशी जन्मतःच फार कमी असतात, त्यांच्या हिरड्या लहानपणीच खराब होतात.

डेन्मार्कमधील हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर फारच सुंदर. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे मुद्दाम बंद केले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच सुमारे आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. ही अवस्था अशी परतीची आहे. एकदा झिजलेले हाड मात्र दात घासून परत येत नाही, आणि थराचे दगडासारखे कीटण झाले, की ते ब्रशलाही दाद देत नाही. ते दंतवैद्यालाच खरवडून काढावे लागते.