क्यूची संहिता : प्रयोगातील ध्वनी, चित्र आणि वाट पाहणारे यंत्र

नाट्यसंहिता आणि प्रयोग यांच्या नात्याची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. मात्र या दोहोंच्या मध्ये आणखी एक लेखन असते आणि ते सहसा आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. कोणत्या शब्दानंतर पाऊस सुरू व्हावयाचा, कोणत्या हालचालीवर तो ओसरावयाचा, मागच्या पडद्यावर चित्र केव्हा उमटावयाचे, याची ती क्रमवार नोंद असते. रंगभूमीवर तिला 'क्यूशीट' म्हणतात. पूर्वी ती संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली असे; गेल्या दोन दशकांत ती संगणकात गेली आहे. या स्थलांतराने नोंदीचे स्वरूप कसे बदलले आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे का पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बंगळुरूच्या के. आर. पुरम भागात मुक्काम असताना तेथील काही हौशी मराठी मंडळींच्या तालमी मला पाहता आल्या. बहुतेक जण व्हाइटफील्डच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणारे; तालीम रात्री, रेल्वेमार्गापासून जवळच्या एका सभागृहात. ध्वनी सांभाळणारा तरुण लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसे. त्याच्या पडद्यावरील यादी मी कुतूहलाने वाचली. 'पाऊस', 'दाराची कडी' अशी नावे तेथे असतील ही माझी अपेक्षा. प्रत्यक्षात ओळींची नावे होती 'आजी उठते', 'पत्र दुमडते', 'थोरला पाठ फिरवतो'. ऐकू येणाऱ्या आवाजाचे नाव न देता त्याने तो आवाज ज्या कृतीतून जन्मतो तिचे नाव दिले होते. हे नुसते तांत्रिक नामकरण नव्हे, संहितेचे ते वाचन आहे, आणि माझ्या मते चांगले वाचन आहे.

या कामासाठी आज सर्वाधिक परिचित असलेली प्रणाली म्हणजे अमेरिकेतील 'फिगर ५३' या संस्थेची 'क्यूलॅब'. तिची पहिली आवृत्ती २००६ साली आली. ती केवळ ॲपलच्या संगणकावर चालते; मर्यादित सोयींची आवृत्ती विनामूल्य मिळते. ज्यांच्याकडे तो संगणक नाही त्यांच्यासाठी 'लिनक्स शो प्लेअर'सारखे मुक्त पर्याय आहेत. नावे निराळी असली तरी तत्त्व एकच आहे. पडद्यावर ओळींची एक यादी असते. प्रत्येक ओळ म्हणजे एक क्यू : त्याचा क्रमांक, नाव, त्याला जोडलेली ध्वनीची वा चित्रफितीची फाईल, सुरू होण्यापूर्वीचा विराम आणि नंतरचा विराम. अनेक क्यू एका गटात बांधता येतात. एक क्यू सुटला की पुढचा आपोआप सुटावा, अशी साखळीही घालता येते. प्रकाशयोजनेच्या यंत्रालाही येथून संदेश धाडता येतो. चालवणाऱ्याचा हात मात्र बहुतेक वेळ एकाच कळीवर, स्पेसबारवर, असतो.

अभ्यासकाने येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ध्वनी सुरू करणे ही एक ओळ आणि तोच ध्वनी मंद करत नेणे ही दुसरी, स्वतंत्र ओळ असते. पाऊस 'पडतो' आणि पाऊस 'ओसरतो' ही दोन क्रियापदे आहेत आणि त्या दोहोंच्या मध्ये किती वेळ जाईल हे यादीत कोठेही लिहिलेले नसते. तो वेळ नटाचा असतो. यंत्र पुढच्या ओळीवर येऊन थांबते आणि वाट पाहते. याउलट घड्याळाबरहुकूम चालणारी दुसरी पद्धत आहे. तीत पहिल्या क्षणापासून सगळे काही सेकंदांवर बांधलेले असते. नृत्याच्या वा दृक्-श्राव्य सोहळ्याच्या प्रयोगांना ती सोयीची; संवादप्रधान नाटकात मात्र ती नटाला यंत्राच्या दावणीला बांधते.

एका तालमीत नायिकेच्या दीर्घ स्तब्धतेत गाडीची शिटी वाजली. ती थांबली. गाडी संपूर्ण जाईपर्यंत तिने पुढचे वाक्य उच्चारले नाही आणि कोपऱ्यातल्या तरुणानेही कळ दाबली नाही. टेप फिरत असती तर पार्श्वसंगीत तिला मागे टाकून पुढे गेले असते.

लेखकाने ध्वनी लिहिणे ही गोष्ट जागतिक नाट्यसाहित्याला नवी नाही. चेखव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये (१९०४) आकाशातून आल्यासारखा, तुटलेल्या तारेचा आवाज दोनदा ऐकू येतो : एकदा दुसऱ्या अंकात, एकदा अखेरीस. लेखकाने ध्वनीचे वर्णन केले आहे, ध्वनी दिलेला नाही. तो कोणता, किती मोठा, दुसऱ्या वेळी तोच की निराळा, हे प्रत्येक प्रयोगकर्त्याने ठरवायचे. आपण या नाटकाच्या भाषांतरांची तुलना करतो. त्या एका रंगसूचनेसाठी निरनिराळ्या प्रयोगांनी केलेल्या क्यूंची तुलना आपल्या शोधनिबंधांत क्वचितच दिसते.

मराठीपुरते बोलायचे तर काळ हाती धरणारा माणूस आपल्या रंगभूमीच्या प्रारंभीच उभा आहे. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ १८४२ मध्ये सांगलीत झाले आणि त्यातून प्रेरणा घेऊन विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगवले, हे सर्वश्रुत आहे. भावे यांच्या खेळांत सूत्रधार पद्ये गाई आणि पात्रे त्यानुसार हालत, बोलत. यक्षगानातील भागवत आजही टाळांच्या ठेक्यावर प्रयोगाची गती राखतो. दोघेही प्रेक्षकांसमोर उघडपणे असत. पुढे संगीत नाटकात ही जबाबदारी ऑर्गन आणि तबला यांच्याकडे गेली. 'वन्स मोअर' आला की वादक नटाबरोबर मागे फिरत. टेपरेकॉर्डर आला तेव्हा आवाजांची श्रीमंती वाढली, पण ऐकण्याची ही क्षमता गेली. रिसीव्हर उचलल्यावर वाजणारा टेलिफोन हा त्या काळाचा विनोद. विद्यार्थिदशेत एका प्रयोगात तो माझ्याच हातून वाजला आहे.

नव्या प्रणालीने ही क्षमता अंशतः परत आणली, असे मला वाटते. तीत ध्वनीचा एखादा तुकडा आवर्तनासारखा फिरता ठेवता येतो आणि कळ दाबल्यावर तो अर्ध्यावर न तुटता चालू आवर्तन पुरे करून पुढच्या तुकड्यात शिरतो. समेवर येण्याची वाट पाहणाऱ्या तबलजीची आठवण व्हावी, अशी ही सोय आहे. फरक एवढाच की हा तबलजी ऐकत नाही. त्याच्या वतीने अंधारात बसलेला कोणी तरी ऐकतो. भागवताचे काम करणारा माणूस आता प्रेक्षकांच्या पाठीमागे बसतो.

या लेखनाच्या जतनाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. वहीतील क्यूशीट पन्नास वर्षांनीही वाचता येते. क्यूलॅबच्या फाईलमध्ये ध्वनी साठवलेले नसतात, ते कोठे ठेवले आहेत एवढाच निर्देश असतो. माध्यमांसह एकत्र संच करून ठेवला नाही, तर दुसऱ्या संगणकावर यादी उघडते आणि आवाज मात्र हरवलेले असतात. शिवाय नव्या आवृत्तीत साठवलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. संहिता छापली जाते, समीक्षणाचे कात्रण कोणी तरी ठेवते. क्यूची यादी संगणक बदलताना पुसली जाते. विद्यापीठीय ग्रंथालयांनी नाटकाच्या संहितेसोबत या यादीची कागदी प्रत आणि ध्वनींचा संच मागून घेणे फारसे खर्चिक नाही. के. आर. पुरमच्या त्या तरुणाकडे मी तशी प्रत मागितली. त्याने ती आनंदाने छापून दिली : बेचाळीस ओळी, दीड पान. एकोणिसाव्या ओळीपुढे त्याने हाताने लिहिले होते, 'गाडी आली तर थांबणे'.