पास्कलमधील जुना फाँट-रूपांतरक सी भाषेत आणताना

सी भाषा शिकलेल्या विद्यार्थ्याला पास्कलचा जुना प्रोग्रॅम दिला, की तो सहसा एकेक ओळ घेऊन भाषांतर करू लागतो. बिगिन-एंडच्या जागी महिरपी कंस, := च्या जागी =, आणि संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम कंपाइल होतो. तो चालतोसुद्धा. फक्त त्यातून बाहेर पडणारा फाँट चुकीचा असतो, आणि चूक कुठे आहे ते कंपायलर सांगत नाही. हे टिपण अशा कामासाठी आहे. उदाहरण म्हणून आपण जीएफ-टू-पीके हा प्रोग्रॅम घेऊ. तो लहान आहे, खरा आहे, वर्षानुवर्षे वापरला गेलेला आहे, आणि पास्कल व सी यांच्यातले जवळजवळ सगळे खाचखळगे त्यात सापडतात.

कोडमधली नावे मी इथे नागरीत लिहिली आहेत. संगणकापाशी ती रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

पार्श्वभूमी

डोनाल्ड क्नुथ यांची टेक्स ही अक्षरजुळणी प्रणाली आणि तिच्या जोडीची मेटाफाँट ही फाँट बनवण्याची प्रणाली, दोन्ही वेब या पद्धतीने लिहिलेल्या आहेत. वेब म्हणजे इथे इंटरनेटचे जाळे नव्हे. एकाच फाइलमध्ये स्पष्टीकरण आणि पास्कल कोड एकत्र लिहायची ही पद्धत आहे. टँगल हा प्रोग्रॅम त्या फाइलमधून यंत्रासाठी पास्कल काढतो, आणि वीव्ह हा प्रोग्रॅम माणसासाठी छापण्याजोगे पान काढतो.

मेटाफाँट प्रत्येक अक्षराचा ठिपक्यांचा नकाशा जीएफ नावाच्या स्वरूपात लिहून देते. ही फाइल मोठी असते. टॉमस रोकिकी यांनी १९८५ साली पीके हे आटोपशीर स्वरूप तयार केले आणि जीएफमधून पीके करणारा रूपांतरकही वेबमध्येच लिहिला. पुढे युनिक्स यंत्रे सर्वत्र पसरली. त्यांच्यावर सी कंपायलर हमखास असे, पास्कल कंपायलर मात्र असेलच असे नव्हते, आणि असला तरी दोन कंपायलरांचे पास्कल एकमेकांशी जुळत नसे. म्हणून १९८७ मध्ये रोकिकी यांनीच टेक्सचे पास्कल यांत्रिकपणे सीमध्ये नेणारी साधने सुरू केली. टिम मॉर्गन आणि नंतर कार्ल बेरी यांनी ती वाढवली. वेब-टू-सी या नावाने ती आजही टेक्स लाइव्हच्या पोटात आहेत.

आपला संबंध कुठे येतो? फ्रान्स वेल्टहाउस यांनी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात देवनागरीचा मेटाफाँट फाँट आणि त्याचा पूर्वप्रक्रियक बनवला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. टेक्समधून त्या काळी मराठी किंवा संस्कृत छापायचे, तर मेटाफाँट, जीएफ, पीके आणि मग छपाईयंत्र याच वाटेने जावे लागे. आज ओपनटाइप फाँट आल्यामुळे पीके मागे पडले आहे. पण चेन्नईत नियतकालिकांची आणि पुस्तकांची अक्षरजुळणी करणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, आणि तिथे नोकरीला लागलेल्या मुलाच्या वाट्याला असा जुना, कागदपत्रे हरवलेला रूपांतरक येऊ शकतो.

काम सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारा: भाषांतर खरोखर हवे आहे का? फ्री पास्कल हा कंपायलर फुकट मिळतो, आणि थोडे बदल करून बरेच जुने पास्कल त्यावर चालते. प्रोग्रॅम एकदाच चालवायचा असेल, तर तेवढे पुरे. तो दुसऱ्या सी प्रणालीत बसवायचा असेल किंवा पुढची वर्षे सांभाळायचा असेल, तरच सीकडे वळा. सीकडे वळलात तरी फ्री पास्कलवर चालणारी प्रत जपून ठेवा. तिचा उपयोग शेवटी येईल.

पीके आत कसे दिसते

कोड बदलण्यापूर्वी त्याने काय करायचे आहे ते कळले पाहिजे. ३०० ठिपके प्रति इंच घेतले, तर १० पॉइंटचे अक्षर साधारण ४० बाय ४० ठिपक्यांचे होते, म्हणजे १६०० बिट किंवा २०० बाइट. पण अक्षरात काळे आणि पांढरे ठिपके सलग येतात. म्हणून पीके प्रत्येक ठिपका न लिहिता सलग पट्ट्यांची लांबी लिहिते: इतके काळे, इतके पांढरे, पुन्हा इतके काळे. ही लांबी निबलमध्ये, म्हणजे अर्ध्या बाइटात (० ते १५), बसवलेली असते. प्रत्येक अक्षरासाठी डिन-एफ नावाचा एक आकडा निवडलेला असतो. डिन-एफपर्यंतची लांबी एका निबलमध्ये मावते, त्याहून मोठी दोन निबलांत, आणि आणखी मोठी असेल तर पुढे शून्ये लावून.

हाताने करून पाहा. डिन-एफ ८ धरा. लांबी ५ असेल तर निबल ५, संपले. दोन निबलांत ९ पासून ८८ पर्यंतच्या लांबी बसतात, कारण (१३ − ८) × १६ + ८ = ८८. लांबी २० असेल तर २० − ९ = ११; वरचा निबल ९, खालचा ११. लांबी १०० असेल तर १०० − ८८ + १५ = २७, म्हणजे सोळाच्या पायात १ आणि ११; दोन अंकी संख्या म्हणून आधी एक शून्य: ०, १, ११. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा, सी कोडची पहिली चाचणी हीच.

१४ आणि १५ हे निबल वेगळे आहेत. १५ म्हणजे ही आडवी ओळ आणखी एकदा तशीच, आणि १४ म्हणजे पुढे येणाऱ्या संख्येइतक्या वेळा तशीच. देवनागरीला हे विशेष सोयीचे पडते. शिरोरेषा जाड असते आणि तिच्यातल्या काही आडव्या ओळी तंतोतंत सारख्या असतात. चार सारख्या ओळी असतील, तर एक ओळ आणि १४, ३ एवढ्यात काम होते. रोमन अक्षरांत उभ्या दांड्याला हा फायदा मिळतो, आपल्याकडे काना आणि शिरोरेषा दोघांनाही.

जिथे भाषांतर फसते

आता पीके वाचणाऱ्या पीके-टाइप या सोबतच्या प्रोग्रॅममधला एक तुकडा पाहू. निबल १४ किंवा १५ आला, की आधी पुनरावृत्तीची संख्या नोंदवायची आणि मग पुन्हा मूळ लांबी वाचायची. त्यासाठी फंक्शनच्या शेवटी अशी ओळ आहे:

पीके_पॅक्ड_नम := पीके_पॅक्ड_नम;

सीच्या डोळ्यांनी ही ओळ निरर्थक आहे. चलाला त्याचीच किंमत देण्यात काय अर्थ? अनेक विद्यार्थी ती ‘अनावश्यक’ म्हणून खोडून टाकतात. पास्कलमध्ये मात्र डावीकडचे नाव म्हणजे फंक्शनची परत जाणारी किंमत, आणि उजवीकडचे तेच नाव म्हणजे त्याच फंक्शनला पुन्हा दिलेली हाक. सीमध्ये इथे रिटर्न लिहून त्यापुढे फंक्शनचे नाव आणि रिकामे कंस हवेत. ओळ खोडली, तर शिरोरेषा असलेले प्रत्येक अक्षर तिथूनच फाटते.

हाच धोका लहान रूपात सगळीकडे आहे. पास्कलमध्ये आर्ग्युमेंट नसलेले फंक्शन कंसाशिवाय बोलावतात. सीमध्ये कंस विसरलात तर फंक्शनचा पत्ता मिळतो. जुने कंपायलर नुसती सूचना देऊन पुढे जात, म्हणून सगळ्या सूचना चालू ठेवूनच कंपाइल करा आणि एकही शिल्लक ठेवू नका.

दुसरा मोठा विषय बाइटचा. पास्कलमध्ये ‘० ते २५५’ असा उपप्रकार जाहीर करता येतो. त्याच्या जागी सीमध्ये नुसता कॅर लिहिला, की घोळ सुरू होतो. इंटेलच्या यंत्रांवर तो बहुधा ऋण किंमतीही घेतो, लिनक्स चालवणाऱ्या एआरएम यंत्रांवर बहुधा घेत नाही. जीएफ आणि पीके दोन्ही फाइलींचा पहिला बाइट २४७ असतो. ऋण किंमती घेणाऱ्या कॅरमध्ये तो −९ होतो, आणि २४७ शी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही. प्रोग्रॅम पहिल्याच बाइटला ‘ही जीएफ फाइल नव्हे’ म्हणून थांबतो. हे दिसणारे अपयश आहे, म्हणून त्यातल्या त्यात बरे. पट्टीची लांबी वाचतानाची चूक इतकी ओरडत नाही.

अनसाइन्ड कॅर लिहून प्रश्न सुटला असे समजू नका. पास्कलमध्ये ० ते २५५ वर फिरणारा फॉर लूप बरोबर २५६ वेळा चालतो. सीमध्ये त्या प्रकारच्या चलावर ‘२५५ किंवा कमी असेपर्यंत’ अशी अट घातली, तर २५५ नंतर चल पुन्हा शून्य होतो आणि लूप कधीच थांबत नाही. उपाय साधा आहे: साठवणीसाठी अनसाइन्ड कॅर, फिरण्यासाठी इंट.

फाइल संपली की नाही, हे विचारण्याची रीतही वेगळी. पास्कलचा ईओएफ वाचण्यापूर्वी सांगतो की पुढे काही नाही. सीचा एफईओएफ वाचण्याचा प्रयत्न फसल्यानंतर सांगतो. अटीची जागा न बदलता नुसते नाव बदलले, तर शेवटी एक खोटा बाइट जास्त वाचला जातो. विंडोजवर फाइल बायनरी म्हणून उघडायला विसरलात तर आणखी गंमत: मजकूर म्हणून उघडलेल्या फाइलीत २६ हा बाइट फाइलीचा शेवट समजला जातो, आणि फाँटचा अर्धा भाग गायब होतो.

भागाकाराबद्दल थोडक्यात. प्रमाण पास्कलमध्ये −७ मॉड ४ चे उत्तर १, सीमध्ये −३. जीएफ-टू-पीकेमध्ये चार बाइटांची चिन्हासह संख्या बनवताना पहिला बाइट १२८ किंवा मोठा असेल तर त्यातून २५६ वजा करून मग गुणाकार केलेला आहे, त्यामुळे ऋण भागाकाराची वेळच येत नाही. त्या ओळी ‘सुधारू’ नका. तसेच तिथे चारही बाइट आधी वेगळ्या चलांत वाचून घेतले आहेत. एकाच ओळीत ‘बाइट गुणिले २५६ अधिक बाइट’ असे लिहिले, तर सीमध्ये कोणती हाक आधी जाईल याची हमी नाही. मूळ लेखकाने लांबट लिहिले असेल, तर त्यामागे बहुधा कारण असते.

ॲरेचा आरंभ हा शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत फसवा. जीएफ-टू-पीके प्रत्येक अक्षरासाठी सर्व डिन-एफ तपासून सर्वांत लहान ठरणारा निवडतो. त्या हिशेबासाठी १ ते १३ असा ॲरे आहे. सीमध्ये १३ घरांचा ॲरे ० ते १२ असा होतो. तेराव्या घरात लिहिले, की शेजारच्या चलावर अतिक्रमण. १४ घरे घेऊन शून्याचे घर रिकामे सोडा, क्रमांक बदलत बसू नका. इथला हिशेब चुकला आणि डिन-एफ चुकीचा निवडला गेला, तरी पीके फाइल वैध असते. अक्षर छान छापले जाते, फाइल फक्त गरजेपेक्षा मोठी होते. छापलेले पान कितीही वेळ निरखले तरी ही चूक सापडायची नाही.

मूळ फाइलीला हात लावू नका

वेबची एक शिस्त शिकण्यासारखी आहे. मूळ फाइल तशीच ठेवायची, आणि आपले बदल एका वेगळ्या बदल-फाइलीत लिहायचे: आधी मूळ ओळी, मग त्यांच्या जागी हव्या असलेल्या ओळी. टँगल दोन्ही एकत्र करतो. मूळ ओळ एका अक्षरानेही जुळली नाही, तर तो तक्रार करतो, त्यामुळे कोणता बदल कशावर केला हे कायम स्पष्ट राहते. कुठे बदल लागेल तेही लेखकाने सांगून ठेवले आहे: वीव्हने छापलेल्या सूचीत ‘यंत्रावर अवलंबून’ अशी एक नोंद असते आणि तिच्यापुढे परिच्छेदांचे क्रमांक. जीएफ-टू-पीकेमध्ये फाइलीत हव्या त्या जागी उडी मारणारी प्रोसीजर अशा नोंदीत आहे. तिच्या जागी सीचे एफसीक येते. टँगलमधून निघालेले पास्कल वाचायचा प्रयत्न करू नका, त्यात मोकळी जागासुद्धा काढून टाकलेली असते. वाचायचे ते वीव्हचे पान.

चाचणीसाठी एकच जीएफ फाइल घ्या. वेल्टहाउसचा देवनागरी फाँट उत्तम. ती आधी फ्री पास्कलच्या प्रतीतून किंवा टेक्स लाइव्हमधल्या जीएफ-टू-पीकेमधून काढा, मग तुमच्या सी प्रतीतून, आणि दोन्ही पीके फाइली बाइट-बाइट ताडून पाहा. जीएफ फाइल मात्र तीच हवी. मेटाफाँट तिच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ लिहिते, आणि ती टीप पीकेतही उतरते. फाइल पुन्हा बनवलीत तर फरक दिसेल आणि तो तुमचा नसेल. रूपांतरकही त्या टिपेत आपले नाव आणि आवृत्ती घालतो, म्हणून तो मजकूर दोन्हीकडे सारखा ठेवा. फरक उरलाच, तर दोन्ही फाइली पीके-टाइपमधून काढा. तो प्रत्येक अक्षराचा डिन-एफ आणि पट्ट्यांची यादी वाचता येईल अशी छापतो, आणि कोणत्या अक्षरात गाडी घसरली ते लगेच कळते. इंटेलवर सगळे जुळले, की तोच कोड रास्पबेरी पायसारख्या एखाद्या एआरएम यंत्रावर पुन्हा कंपाइल करून तीच तुलना करा. कुठे एखादा नुसता कॅर राहून गेला असेल, तर तो तिथे सापडेल.