कथिलाची भूक

शिसे वितळते ३२७ अंश सेल्सिअसला. कथील २३२ ला. आता ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र करा. हे मिश्रण किती अंशांना वितळेल? मधल्या कुठल्यातरी आकड्याला, असे कुणीही म्हणेल. उत्तर आहे १८३! दोन धातू एकमेकांत मिसळले आणि दोघांच्याही खाली गेले.

रंगीत काचेची खिडकी उभी राहते ती या उलट्या हिशेबावर. मुंबईत राजाबाई टॉवरच्या वाचनालयात जाऊन पाहा. काचेचे तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवलेले असतात आणि पट्ट्या जिथे भेटतात तिथे अशाच मिश्रणाचा, म्हणजे सोल्डरचा, टाका असतो. टाका वितळतो, पट्टी वितळत नाही, म्हणून तर जोड बसतो. न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कारखान्यातल्या दिव्यांची रीत वेगळी. तिथे काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची कागदासारखी पातळ पट्टी गुंडाळायची आणि मग सगळे सांधे सोल्डरने भरून काढायचे. क्लारा ड्रिस्कॉल यांच्या कल्पनेतून उतरलेल्या ‘विस्टेरिया’ दिव्याच्या एकेका शेडमध्ये हजाराहून अधिक तुकडे आहेत. प्रत्येकाची प्रत्येक कड झाळायची!

आणि हे सगळे कशाने? बोटाच्या पेराएवढ्या एका टोकाने. सोल्डरिंग आयर्नच्या या टोकाला आपल्याकडे बिट म्हणतात. काचकामात ते साधारण ३७० अंशांवर ठेवतात. आकडा पुन्हा वाचा. शिसे ३२७ ला वितळते! म्हणजे बिट क्षणभर जास्त रेंगाळले की पट्टीच गळून पडणार. काचेची तऱ्हा आणखी अवघड. तांब्यातून उष्णता जितक्या सहज वाहते, त्याच्या शेकडो पटींनी कमी ती काचेतून वाहते. एका जागी तापवत बसलात, तर तेवढीच जागा फुगते, शेजारची थंडच राहते आणि ‘टच्’ असा आवाज येतो. काचकाराला तो ऐकायचा नसतो. थोडक्यात, उष्णता द्यायची भरपूर आणि द्यायची चटकन.

आता गंमत पाहा. दोन घन वस्तू एकमेकींना टेकतात तेव्हा खरे टेकतात ते फक्त काही बारीक उंचवटे. बाकी सगळी हवाच, आणि हवेतून उष्णता जेमतेम पुढे सरकते. मग बिटातली उष्णता सांध्यात जाते कशी? मध्ये असलेल्या वितळलेल्या सोल्डरच्या थेंबातून! तो प्रत्येक खळग्यात शिरतो, हवेला हुसकावतो आणि पूल बांधतो. म्हणून बिट नेहमी कथिलाने ओले, चकचकीत हवे. ते काळे पडले की सोल्डर त्याला धरतच नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन घरंगळते. बिट तेवढेच गरम असते, पण सांधा थंडच. मग माणूस काय करतो? दाबतो, रेंगाळतो, तापमान वाढवतो. आणि काच तडकते.

पण कथील धातूला ‘ओले करते’ म्हणजे नेमके काय करते? पाण्यासारखे नुसते पसरत नाही, खाते! वितळलेल्या कथिलात तांबे विरघळते. टिफनीच्या काळी बिट म्हणजे तांब्याचा नुसता ठोकळा. वापरता वापरता त्याला खड्डे पडत, मग कानशीने घासून पुन्हा आकार द्यायचा, असे करत करत ते संपून जाई. पुढे इंग्लंडमध्ये यावर एक नामी तोड निघाली. ‘सेव्हबिट’ नावाच्या सोल्डरमध्ये दीड टक्का तांबे आधीच मिसळलेले असे. भूक आधीच भागलेली, मग बिटाचा घास कशाला?

आजचे बिट मात्र वेगळ्याच चतुराईचे आहे. आत तांबे, कारण उष्णता वाहावी तर त्यानेच. त्यावर मिलिमीटरच्या काही अंशांएवढा लोखंडाचा थर, कारण कथील लोखंडाला फारच हळू खाते. लोखंड आणि कथील जिथे भेटतात तिथे एक तिसराच पदार्थ जन्मतो, लोखंडाच्या एका अणूला कथिलाचे दोन. बिट ‘ओले’ राहते ते या अतिसूक्ष्म पापुद्र्यामुळे. काम करणाऱ्या टोकाच्या वर क्रोमियमचा लेप असतो. त्याला कथील चिकटत नाही, म्हणून सोल्डर वर चढून न बसता टोकालाच राहते.

आता कळेल की कानस आणि सँडपेपर का वर्ज्य. जुन्या बिटाला जे औषध होते तेच नव्याला विष. लोखंडी थराला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडू द्या, कथील आत शिरते आणि तांबे आतून पोखरत जाते. बाहेरून बिट धड दिसते, आत पोकळ! अशा बिटाला मग इलाज नाही, बदलायचेच.

काळवंडलेल्या बिटाला मात्र इलाज आहे, आणि तो आपल्या आज्यांच्या ओळखीचा आहे. नवसागर! कल्हईवाला आठवतो? भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथिलाची कांडी टेकवून कापसाने फिरवले की काळेकुट्ट पातेले चांदीसारखे. काचकार नवसागराच्या वडीवर गरम बिट घासतो, वर सोल्डर लावतो आणि तीच कल्हई बोटभर टोकावर करतो. सुमारे ३३८ अंशांना नवसागराचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा वायू गंज खातो, खालचा धातू उघडा पडतो आणि कथील लगेच त्याला धरते. आणि तो पांढरा धूर? वर जाताजाता दोन्ही वायू थंड होऊन पुन्हा एकमेकांना भेटतात. तो धूर म्हणजे परत जन्मलेला नवसागरच! (तरी हुंगू नका, खिडकी उघडी ठेवा. आणि हे शिशाचे सोल्डर स्वयंपाकाच्या भांड्यापासून लांब ठेवा. कल्हईला शुद्ध कथीलच लागते.)

हा उपचार रोज मात्र नको, कारण हायड्रोजन क्लोराइडचे तेच आम्ल लोखंडालाही सोडत नाही. सांधा साफ करणारा काचकामाचा फ्लक्सही बहुधा आम्लाचाच, म्हणून तो ब्रशने सांध्याला लावायचा, बिट त्यात बुडवायचे नाही. रोजच्यासाठी ओलसर स्पंज किंवा पितळी तारेचा गुंता पुरतो. पितळ लोखंडाहून मऊ, त्यामुळे मळ जातो आणि थर राहतो. आयर्न बंद करताना बिटावर सोल्डरचा जाड थर चढवून ठेवायचा. हवेतला ऑक्सिजन मग लोखंडाऐवजी त्यालाच गाठतो. दिवसभर ज्याच्यापासून बिट सांभाळायचे, रात्रभर त्यालाच राखणीला बसवायचे!

बिट जितके तापलेले तितके लवकर काळे पडते. म्हणून तापमान आवरायला हवे, आणि इथला चमत्कार मला सगळ्यांत आवडतो. वेलर कंपनीच्या १०० वॉटच्या एका आयर्नमध्ये तापमान बिटच ठरवते. बिटाच्या मागच्या टोकाला एका खास मिश्रधातूची चकती असते आणि हँडलच्या बाजूला चुंबक. चकती थंड असते तोवर चुंबक तिला चिकटून राहतो आणि वीज चालू. चकती ठराविक अंशांना पोचली की तिचे चुंबकत्वच नाहीसे होते! चुंबक सुटतो, स्प्रिंग त्याला मागे ओढते, वीज बंद. जरा निवाली की पुन्हा ‘टक्’. पिएर क्यूरी यांनी १८९५ च्या प्रबंधात हाच गुण तपासला होता. शुद्ध लोखंडात तो ७७० अंशांना दिसतो, मिश्रधातू बदलून तो खाली आणता येतो. बिटाच्या मागे ७ कोरलेला असेल तर ७०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३७१ सेल्सिअस. ८ असेल तर ८००. नवशिक्याने ७ घ्यावा. आणि अधूनमधून, आयर्न पूर्ण थंड झाल्यावर, बिट काढून मागची काळी पूड झटकावी, नाहीतर ते आतच अडकून बसते आणि मग पक्कडीशिवाय निघत नाही.