कानाच्या मापाची टोपी

मराठी माणसाचा कान पूर्वीपासून हौशी आहे. वरच्या पाळीत भिकबाळी, खालच्या पाळीत कुडी, खोबणीत अत्तराचा फाया आणि थंडीवाऱ्यात कापसाचा बोळा, एवढा सरंजाम त्याने आजवर निमूटपणे वागविला. पण ही सारी मंडळी दारापाशीच थांबत असत. अलीकडे मात्र असा एक पाहुणा आला आहे की, तो सरळ उंबरठा ओलांडून आत शिरतो आणि तास न् तास तेथेच मुक्काम ठोकतो. हा पाहुणा म्हणजे कानात घालावयाचा इअरफोन.

आमच्या दिघ्याला रेल्वे स्टेशन मिळाले ते १२ जानेवारी २०२४ रोजी. ठाणे आणि ऐरोली यांच्या मधले हे ‘दिघा गाव’ स्टेशन. तेथल्या फलाटावर सकाळी उभे राहून पाहावे. तरुण मंडळींपैकी कितीतरी जणांच्या कानांत ही यंत्रे दिसतील आणि त्यांतले काहीजण दर मिनिटाला एक बोट कानाशी नेऊन ते यंत्र आत ढकलताना दिसतील. काहीजण ते काढून कान चोळत असतात. एकाचे सैल होते, दुसऱ्याचे रुतते. दोघांच्या त्रासाचे मूळ एकच, आणि ते म्हणजे यंत्राच्या टोकाला असणारी इवलीशी रबरी टोपी. कंपन्या तिला ‘इअरटिप’ म्हणतात. मोबाईलच्या दुकानात नुसते ‘रबर’ म्हटले तरी भागते.

एवढ्याशा वस्तूवर दिवाळी अंकाची पाने कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर माझ्या घरात आहे.

माझे थोरले काका या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षे प्रेसवर उभे होते. संरक्षण म्हणून कानात कापसाचे बोळे असत, आणि कापूस असल्या आवाजाला फारसा अडवीत नाही. आज काकांशी बोलायचे तर समोर बसून, तोंड दिसेल असे बोलावे लागते. लग्नाकार्यात ते हळूहळू कोपऱ्यात सरकतात. चारचौघांत सगळे हसले की तेही हसतात. पण विनोद त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नसतो, हे आम्हा घरच्यांना कळते.

याच घरात माझी मुलगी आहे. ती ठाण्याच्या कॉलेजात जाते आणि गाडीत मोबाईलवर अभ्यासाची व्याख्याने ऐकते. एका संध्याकाळी ती पलीकडच्या खोलीच्या दारात बसली होती आणि तिच्या कानांतले व्याख्यान मला अलीकडे ऐकू येत होते. मी विचारले, “एवढा मोठा आवाज कशाला ग?” ती म्हणाली, “बाबा, उजव्या कानातला सारखा निसटतो. मग गाडीत काही ऐकूच येत नाही. तेव्हापासून तोच आवाज राहिलाय.” काकांनी अर्थातच यांतले काही ऐकले नाही. मी मात्र त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिलो.

भोक आणि बूश

मी एका लहानशा यंत्रशाळेत मापे तपासतो. भोकात बूश बसतो की नाही, सैल होतो की घट्ट, हे गेज घालून पाहावयाचे, यातच माझे दिवस गेले. तेव्हा म्हटले, हेही आपलेच काम.

पण कानाचे भोक हे आमच्या ड्रिलच्या भोकासारखे सरळ नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि वाटेत तिला दोन वळणे असतात. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे थोडाफार लवणारा. आतला दोन तृतीयांश हाडाचा. हाडावरची कातडी अत्यंत पातळ, म्हणून तेथे काही टेकले की लगेच दुखते. शिवाय ही नळी गोल नसून लंबगोल असते, आणि आपण बोललो, चावले की जबड्याबरोबर तिचा आकार बदलतो. त्यावर कडी म्हणजे एकाच माणसाचे दोन कान सारखे असतीलच असे नाही. असे भोक एखाद्या कारागिराने आमच्याकडे तपासणीला आणले, तर आम्ही ते तत्काळ परत पाठवू!

आता टोपी सैल झाल्याने बिघडते काय? सायकलचा पंप आठवा. आतला वायसर झिजला की दांडा कितीही मारा, हवा भरत नाही. इअरफोनमधला इवलासा पडदाही हवा मागेपुढे ढकलणारा पंपच आहे. टोपीच्या कडेला फट राहिली की खालच्या पट्टीतला, घुमणारा आवाज आधी निसटून जातो आणि वरचा किरकिरा तेवढा उरतो. त्याच फटीतून गाडीचा खडखडाट आत येतो. ऐकणारा बिचारा आवाज वाढवीत राहतो, आणि मार बसतो तो कानाच्या आतल्या शंखाकृती भागातील सूक्ष्म केसाळ पेशींना. माणसाच्या कानात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी जो हिशेब दिला आहे तो असा: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला सुमारे ४ तास आणि १०० डेसिबलला अर्ध्या तासाहूनही कमी. लहान मुलांसाठी ती ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलवरच ठेवलेली आहे. तेव्हा रबराच्या एका फटीची किंमत किती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

टोपी तशी जुनीच

ही अडचण आजची नव्हे. १८९१ साली एर्नेस्ट मेर्कादिए नावाच्या फ्रेंच अभियंत्याने टेलिफोनसाठी कानात घालावयाच्या श्रवणयंत्राचे पेटंट अमेरिकेत घेतले. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि टोकांना रबरी टोप्या! कानाला घासू नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये, अशी दोन कारणे त्याने दिली होती. आजही कारणे तीच आहेत.

दुसरी मोठी भर पडली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस. अमेरिकेत रॉस गार्डनर यांनी दाबले की दबणारा आणि सावकाश फुगून पूर्ववत होणारा एक फोम कानाच्या बोळ्यांसाठी वापरात आणला. कारखान्यांत दिसणारे पिवळे बोळे ते हेच. आजच्या फोमच्या टोप्या त्याच वंशातल्या.

निवड कशी केली

यंत्राबरोबर आलेल्या तीन मापांपैकी मधले माप मुलीने दोन्ही कानांत घातले होते. बहुतेक सगळेच तसे करतात. मी प्रत्येक कान वेगळा तपासावयाचे ठरविले. डाव्या कानाला मधले ठीक बसले. उजव्याला मोठे घातले, तर अर्ध्या तासात दुखू लागले. लहान घातले, तर ते आत जाई, पण डोके हलविताच सुटे.

मग आम्ही दिघ्यातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सुट्या रबरांची डबी पुढे केली आणि म्हणाला, “काका, रबर ते रबर. कुठलेही घ्या.” पण तसे नाही. प्रत्येक यंत्राच्या नळीची जाडी निराळी असते; काहींची नळी लंबगोल असते. नळीवर सैल बसणारी टोपी कानातच राहून जाण्याचे भय. आणि बिनतारी यंत्राची टोपी उंच असली, तर त्याच्या डबीचे झाकण लागत नाही व ते रात्री चार्जच होत नाही. यासाठी यंत्र आणि डबी दोन्ही बरोबर नेऊनच खरेदी करावी.

शेवटी उजव्या कानासाठी फोमची टोपी घेतली. ती घालण्याची रीत अशी: स्वच्छ बोटांनी चेपून बारीक करावी, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, म्हणजे नळीचे वळण जरा सरळ होते, टोपी आत सारून अर्धे मिनिट धरून ठेवावी. मग ती फुगते आणि नळीचा आकार स्वतःच घेते. लंबगोल भोकाला लंबगोल बूश! तिचा दोष एवढाच की घामाने व मळाने ती काही महिन्यांत निकामी होते. सिलिकॉनची धुता येते आणि टिकते.

बसली की नाही याची परीक्षा सोपी आहे. घालून दोन वाक्ये बोलावीत; स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमला, तर नळी बंद झाली. मग चणे चावावेत आणि मान हलवावी. तरीही टोपी जागेवर राहिली आणि तासाभराने तिची आठवणही राहिली नाही, तर माप बरोबर. दुखू लागले, तर सवय होईल म्हणून सोसू नये. ज्यांना कुठलेच माप चालत नाही, त्यांच्या कानाचा साचा घेऊन टोपी बनविता येते. श्रवणयंत्रे बसविणारे तज्ज्ञ हे काम करतात.

काही सूचना

टोपी नीट बसली की बाहेरचे जग खरोखरच दूर जाते. म्हणून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडताना आणि फलाटाच्या कडेला दोन्ही कान मोकळे ठेवावेत. पावसाळ्यात ओल्या कानात टोपी घालू नये. दुसऱ्याची टोपी वापरू नये. कानाचा मळ आपोआप बाहेर सरकत असतो, टोपी त्याला मागे ढकलते. तेव्हा मधून मधून कानांना विश्रांती द्यावी आणि ठणका लागला, पाणी आले, तर कानाच्या डॉक्टरकडे जावे. गाणी ऐकावयाचा इअरफोन प्रेसवर संरक्षण म्हणून घालू नये. त्यासाठी मापलेले बोळे निराळे मिळतात.

मुलीचा आवाज आता मोबाईलवर पूर्वीच्या जवळजवळ निम्म्या रेघांवर आला आहे. पलीकडच्या खोलीत तर सोडाच, शेजारी बसूनही व्याख्यान ऐकू येत नाही. यंदा त्या पिवळ्या बोळ्यांचा एक खोकाही घरी आणून ठेवला आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीत माळा लागतात आणि पोरे त्यांना अगदी चिकटून उभी असतात. फराळाच्या ताटाबरोबर प्रत्येकाच्या हातावर एक जोडी ठेवायची, असे मुलीने ठरविले आहे. बोळा कसा चेपावा आणि पाळी कशी ओढावी, हे पोरांना शिकविण्याचे काम तिने काकांकडे दिले आहे, आणि त्यांनी ते आनंदाने पत्करले आहे.