जोर कुठे द्यायचा?

परवा आमची आठवीतली कन्या शाळेतून एक लांबलचक शब्द घेऊन आली. 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम'! "बाबा, म्हणून दाखव." मी मालगाडी सोडावी तसा एका दमात म्हटला, सगळे डबे सारख्याच वजनाचे. ती हसत सुटली. "अरे, तू जोर कुठेच देत नाहीस!"

खरं सांगतो मंडळी, जरा लागलंच. इतकी वर्षं इथे काढली, तरी ऑफिसात मी 'डेव्हलपमेंट' म्हटलं की समोरचा पुन्हा विचारतो. मुलं जवळ असली की फोनवर आवाज आपोआप खाली येतो. तुमचंही होत असेल असं!

मग दोघं कागद घेऊन बसलो. शब्द फोडायचं काम माझं. राष्ट्र, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय, आंतरराष्ट्रीयीकरण, हे आपण शाळेत केलेलंच आहे. इथेही तेच. मूळ 'एस्टॅब्लिश', म्हणजे स्थापणे. 'मेंट' लावलं की नाम झालं. इथे अर्थ, चर्चला असलेली राजमान्यता. 'डिस' लावून ती काढून घ्यायची, 'अँटि' लावून त्याला विरोध करायचा. 'एरियन' म्हणजे तसं मानणारा, 'इझम' म्हणजे त्याचं मत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हा वाद खरोखरच पेटला होता. आयर्लंडमधल्या चर्चची राजमान्यता 1869 च्या कायद्याने गेली, वेल्समध्ये 1920 साली. इंग्लंडात ती आजही आहे.

लिहायला 28 अक्षरं, बोलायला 12 तुकडे. आता शिकवायची पाळी तिची. 'एस्टॅब्लिश'मध्ये जोर 'टॅब'वर. 'मेंट' लागलं तरी तो हलत नाही. पण 'एरियन' आला की मुख्य जोर पुढे सरकून 'टे'वर बसतो. तसंच 'फोटोग्राफ'मध्ये 'फो'वर, 'फोटोग्राफी'त 'टॉ'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर! आणि माझं 'डेव्हलपमेंट'? मी 'डे'वर जोर देत होतो, तो हवा 'व्हे'वर. जोर नसलेले स्वर इंग्रज माणूस गिळूनच टाकतो. म्हणून जोर चुकला की त्याला शब्दच ओळखू येत नाही. मराठीत आपण जोर देतो तो ठसक्यासाठी; त्यावाचून शब्द अडत नाही.

म्हणजे चूक माझ्या बुद्धीची नव्हती, कानाच्या सवयीची होती. डिक्शनरीत जोराच्या तुकड्याआधी छोटी उभी रेघ असते, ती आता मी आधी बघतो.

शेवटी तिला म्हटलं, "आता तू म्हण, आंतरराष्ट्रीयीकरण." तिने नेमका एकाच तुकड्यावर जोर दिला आणि बाकीचे गिळले! त्या रात्री जेवायला उशीर झाला, पण दोघांचाही गृहपाठ झाला.